भुलीचा वायू आणि मेरुरज्जूतील गाठ : शंभर वर्षांची एक शोधयात्रा

(१) ९ जून १८८७, लंडन. ४२ वर्षांच्या एका लष्करी कॅप्टनला भूल देण्यात आली आणि शल्यविशारदाने त्याच्या पाठीवर सुरी टेकवली. तीन वर्षे हा माणूस पाठीच्या असह्य वेदनेने पिचला होता. आता त्याचे दोन्ही पाय लुळे पडले होते. मेरुरज्जूवर वाढलेली गाठ अगोदर अचूक ओळखून, ती काढून, रोग्याला पुन्हा चालते करणे हे तोवर कोणालाही साधलेले नव्हते.

(२) मित्रहो, या शस्त्रक्रियेची हकीकत वैद्यकाच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते. तिच्यामागे दडलेला एक प्रश्न मात्र क्वचितच पुढे येतो. रोग्याला निश्चल ठेवणारा भुलीचा वायू त्याच्या मेरुरज्जूचे काय करतो? या प्रश्नाचे उत्तर शोधायला सुमारे शंभर वर्षे लागली. या थ्रेडमध्ये त्याच प्रवासाचा मागोवा घेऊ. वाटेत लंडन आणि न्यूयॉर्क आहे, आणि निजामाचे हैदराबादही आहे.

(३) प्रारंभ थोडा मागून करू. १८०० साली हम्फ्री डेव्ही या तरुण रसायनशास्त्रज्ञाने नायट्रस ऑक्साइड या वायूवर ग्रंथ लिहिला. हा वायू वेदना नाहीशी करतो, तेव्हा शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग होऊ शकेल, असे त्याने त्यात नोंदवले. पुढची चाळीसेक वर्षे त्या वाक्याकडे कोणी लक्ष दिले नाही. लोक हा ‘हसवणारा वायू’ जत्रेत आणि मेजवान्यांत करमणुकीसाठी हुंगत राहिले, आणि शल्यगृहात रोग्यांना चार माणसे धरून ठेवत राहिली.

(४) डिसेंबर १८४४ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्डच्या होरेस वेल्स या दंतवैद्याने हा वायू स्वतः हुंगून आपलाच एक दात काढवून घेतला. त्यानंतर १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टनने ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक केले. नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सनने क्लोरोफॉर्म वापरात आणला. अवघ्या तीन वर्षांत शल्यविशारदांच्या हाती तीन साधने आली.

(५) क्लोरोफॉर्मला वास गोड, मात्रा थोडी लागे आणि गुंगी लवकर येई. पण २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली. कारण इतके क्षुल्लक आणि मृत्यू इतका आकस्मिक! हृदय थांबले की श्वास, या प्रश्नावर पुढची साठ वर्षे वैद्यकविश्व दुभंगलेले राहिले.

(६) आता आपल्या कॅप्टनकडे येऊ. इतिहासाच्या पुस्तकांत तो बहुधा ‘कॅप्टन गिल्बी’ या नावाने भेटतो. १८८४ मध्ये त्याच्या डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली कळा येऊ लागल्या. नामांकित वैद्य झाले, हवापालट झाला, औषधे झाली. कोणी त्याला नसांचे दुखणे म्हणाले. शस्त्रक्रियेने बरा होणारा विकार तीन वर्षे त्याच्या पाठीत वाढत राहिला. १८८७ मध्ये आधी एक पाय, मग दुसरा पाय दुबळा झाला, संवेदना गेली आणि लघवीवरचा ताबाही सुटला.

(७) अखेर त्याला विल्यम गॉवर्स यांनी तपासले. गॉवर्स हे त्या काळचे अग्रगण्य मज्जाविकारतज्ज्ञ. लघुलिपीचे तर ते इतके चाहते होते, की प्रत्येक वैद्याने ती शिकावी असा त्यांचा आग्रह असे. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून आठ वर्षे होती. टाचणी, बोटांचा स्पर्श, गुडघ्यावरची हलकी थाप आणि रोग्याचे शब्द एवढ्याच साधनांनी त्यांनी निदान केले : मेरुरज्जूला बाहेरून दाबणारी गाठ आहे, आणि ती छातीच्या पातळीवर आहे.

(८) निदानाची रीत समजून घेण्यासारखी आहे. मेरुरज्जूतून ठरावीक अंतराने नसांच्या जोड्या निघतात आणि प्रत्येक जोडी शरीराचा एकेक पट्टा सांभाळते. वेदना कोणत्या पट्ट्यात आहे आणि बधिरता कोठून सुरू होते, हे नेमके कळले की गाठ कोणत्या नसेच्या उगमाशी आहे याचा तर्क करता येतो. गॉवर्स यांनी आपला नकाशा असा रोग्याच्या कातडीवर वाचला. मग त्यांनी व्हिक्टर हॉर्स्ली यांना बोलावले.

(९) हॉर्स्ली तेव्हा अवघे तीस वर्षांचे होते. आदल्या वर्षीच त्यांची क्वीन स्क्वेअरच्या राष्ट्रीय रुग्णालयात शल्यविशारद म्हणून नेमणूक झाली होती. अपस्माराने जर्जर झालेल्या एका तरुणाच्या मेंदूवर त्यांनी २५ मे १८८६ रोजी केलेली शस्त्रक्रिया गाजली होती. कॅप्टनला पाहिल्यावर त्यांनी दिवस दवडला नाही. त्याच दिवशी शस्त्रक्रिया केली.

(१०) मणक्यांच्या मागच्या कमानी काढून त्यांनी मेरुरज्जूचे जाड आवरण उघडले. गाठ कोठेच दिसेना. आणखी वर जावे की जखम बंद करावी? तेथे साहाय्यक म्हणून उभ्या असलेल्या चार्ल्स बॅलन्स यांनी आणखी वर जाण्याचा आग्रह धरला, असे परंपरेने सांगितले जाते. वरचे हाड काढले तेव्हा बदामाच्या आकाराची गाठ डाव्या बाजूने मेरुरज्जूला दाबत बसलेली सापडली.

(११) गाठ अपेक्षेपेक्षा वर का निघाली? कारण छातीच्या भागात नसा मेरुरज्जूतून निघाल्यावर तिरप्या खाली उतरतात आणि मग मणक्यांतून बाहेर पडतात. नस जेथे बाहेर पडते त्याच्या बऱ्याच वर तिचा उगम असतो. शिवाय शेजारच्या नसांचे पट्टे एकमेकांवर चढलेले असतात, त्यामुळे एका नसेची हानी शेजारीण झाकून नेते. या दोन्ही गोष्टी पुढच्या पिढ्यांनी पाठ केल्या, पण त्या दिवशी एका माणसाचे पाय त्यांवर अवलंबून होते.

(१२) कॅप्टन बरा झाला. हळूहळू पायांत हालचाल आली, मग तो चालू लागला आणि वर्षभरात दिवसभराचे काम उभ्याने-चालत करू लागला. गॉवर्स आणि हॉर्स्ली यांनी १८८८ मध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध केला. आजवर ज्या रोग्यांना लुळेपणात आणि शय्याव्रणांत मरायला सोडले जाई, त्यांतल्या काहींना तरी वाचवता येते, हे एका उदाहरणाने सिद्ध झाले.

(१३) आता भुलीकडे वळू. कण्यावरील शस्त्रक्रियेत भूल देणाऱ्याची परीक्षा का असते? पहिले कारण, रोगी पालथा किंवा कुशीवर असतो. तोंड खाली, वर फडके, त्यावर थेंब थेंब औषध. जीभ मागे पडली वा श्वास अडला, तर हात पोहोचणे कठीण. दुसरे कारण, पोट दाबले गेले की शरीराच्या खालच्या भागाकडून परतणारे रक्त मेरुरज्जूभोवतीच्या शिरांच्या जाळ्याकडे वळते. शिरा टम्म फुगतात आणि शल्यक्षेत्र रक्ताने भरून जाते.

(१४) तिसरे कारण अधिक बारीक आहे. गाठ मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात असेल, तर बरगड्यांमधले स्नायू आधीच दुर्बळ झालेले असतात. असा रोगी मुख्यतः श्वासपटलावर जगत असतो. त्याच्या श्वासावर भुलीने थोडा जरी दाब आणला, तरी उरलेला आधार निसटतो. म्हणजे ज्याला शस्त्रक्रियेची सर्वांत अधिक निकड, त्यालाच भुलीचा सर्वांत अधिक धोका.

(१५) हॉर्स्ली यांनी हा विषय मनोभावे अभ्यासला होता. विद्यार्थी आणि तरुण वैद्य असताना त्यांनी भुलीची द्रव्ये अनेकदा स्वतःवरच प्रयोगून पाहिली होती. १८८६ च्या मेंदूशस्त्रक्रियेवरील लेखात त्यांनी निवड स्पष्ट केली. ईथरने रक्तदाब चढतो, खोकला येतो, शिरा फुगतात, मेंदूतून रक्त वाहते. क्लोरोफॉर्मने दाब उतरतो आणि क्षेत्र कोरडे राहते. म्हणून क्लोरोफॉर्म, आणि आरंभी त्याच्या जोडीला मॉर्फिनचे इंजेक्शन. श्वास मंदावतो असे दिसल्यावर मॉर्फिन त्यांनी पुढे सोडले.

(१६) पण क्लोरोफॉर्मचा जो गुण, तोच दोष. रक्तदाब उतरवणारे द्रव्य थोडे अधिक झाले की हृदयच थांबवते. मग प्रश्न उरतो तो मात्रेचा : रोग्याच्या श्वासात नेमके किती टक्के क्लोरोफॉर्म जाते? डॉ. जॉन स्नो यांनी हा प्रश्न शतकाच्या मध्यालाच विचारला होता. पण बहुतेक ठिकाणी उत्तर एकच होते : फडके, बाटली आणि देणाऱ्याचा अंदाज.

(१७) या टप्प्यावर कथा आपल्याकडे येते. निजामाच्या हैदराबादेत एडवर्ड लॉरी हे रेसिडेन्सीचे शल्यविशारद होते. एडिंबरोच्या परंपरेत शिकलेल्या लॉरींचे ठाम मत असे, की क्लोरोफॉर्म आधी श्वास थांबवते, हृदय थेट कधीच थांबवत नाही. म्हणून देणाऱ्याने नाडीकडे पाहूच नये, लक्ष केवळ श्वासावर ठेवावे. तेव्हा औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड हा आपला मराठवाडाही याच संस्थानात होता.

(१८) १८८८ मध्ये पहिला हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग बसला. त्याने लॉरींची बाजू उचलून धरली. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने शंका घेतली. तेव्हा निजाम महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊ केले आणि साप्ताहिकाने स्वतःचा तज्ज्ञ पाठवावा असे सुचवले. १८८९ मध्ये लॉडर ब्रन्टन हे नामांकित औषधशास्त्रज्ञ हैदराबादेत आले. चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग झाले आणि दुसऱ्या आयोगानेही लॉरींचाच निष्कर्ष कायम केला.

(१९) याच काळात हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी या पारशी तरुणीने क्लोरोफॉर्म देण्यात नैपुण्य मिळवले होते. आयोगाच्या कामातही त्यांचा सहभाग होता. पुढे त्या उच्च शिक्षणासाठी एडिंबरोला गेल्या. जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून आज त्यांचा उल्लेख अनेकदा होतो. या थ्रेडमधून एकच नाव लक्षात ठेवायचे असेल, तर हे ठेवा.

(२०) आयोगाचा निष्कर्ष मात्र अपुरा ठरला. १९११ मध्ये ए. गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले, की हलक्या क्लोरोफॉर्मच्या अंमलाखाली असतानाच हृदयाचे खालचे कप्पे अचानक विस्कळीत थरथरू लागतात आणि रक्ताभिसरण थांबते. म्हणजे हॅना ग्रीनरसारखे आकस्मिक मृत्यू हृदयाचे असू शकत होते. हैदराबादचे प्रयोग संख्येने प्रचंड होते. पण ‘हृदय कधीच नाही’ या ‘कधीच’मध्ये घोटाळा होता. नाडीकडे पाहू नका हा उपदेश किती रोग्यांना भोवला असेल, याची गणती कोणी ठेवली नाही.

(२१) हॉर्स्ली यांची वाट वेगळी होती. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने नेमलेल्या क्लोरोफॉर्म समितीत ते होते. त्या कामातूनच ऑक्सफर्डचे रसायनशास्त्रज्ञ व्हर्नन हार्कोर्ट यांचे श्वसनयंत्र पुढे आले. त्यातून दोन टक्क्यांपेक्षा जास्त क्लोरोफॉर्म येऊच शकत नसे. बाटलीत रंगीत काचेचे दोन मणी असत. त्यांच्या तरंगण्या-बुडण्यावरून द्रवाचे तापमान योग्य आहे की नाही ते कळे, कारण तापमान बदलले की वाफेचे प्रमाणही बदलते.

(२२) १९०६ मध्ये हॉर्स्ली यांनी आपली पद्धत सविस्तर मांडली. कातडी कापताना वायूचे प्रमाण जास्त, हाड काढताना कमी, आणि आवरण उघडल्यावर अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. कारण कातडीला वेदना असते, मेंदूच्या गराला ती नसते. अंदाजाच्या जागी आकडा आला. भुलीची मात्रा शस्त्रक्रियेच्या टप्प्यानुसार बदलायची, हा आज साधा वाटणारा विचार त्या काळी नवा होता.

(२३) हॉर्स्ली यांचा शेवटही आपल्या इतिहासाला स्पर्शून जातो. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाची मोहीम हिंदुस्थानी लष्कराने लढवली. तिच्यातील सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन कूत येथे वेढली गेली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिला शरण जावे लागले. मराठा पलटणीचे जवानही तिच्यात होते. त्या आघाडीवर जखमींची वैद्यकीय दुरवस्था कुप्रसिद्ध झाली. त्याच वर्षी हॉर्स्ली तेथे सेवेसाठी गेले, व्यवस्थेतील उणिवांवर झगडले आणि १६ जुलै १९१६ रोजी अमारा येथे उष्माघाताने वारले.

(२४) एव्हाना सूत्र अटलांटिकपार गेले होते. पालथ्या रोग्याच्या श्वासाचा प्रश्न अजून सुटायचा होता. ग्लासगोच्या विल्यम मॅकएवन यांनी १८७८ मध्येच जिभेच्या मुळाशी गाठ असलेल्या रोग्याच्या तोंडातून श्वासनलिकेत नळी घालून क्लोरोफॉर्म दिले होते. पण ती रीत रूढ झाली नाही. १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत मेल्टझर आणि ऑअर यांनी प्राण्यांवर दाखवले, की श्वासनलिकेतील बारीक नळीतून सतत हवा सोडली, तर छाती न हलताही प्राणी जगतो.

(२५) ही युक्ती माणसावर आणली ती चार्ल्स एल्सबर्ग यांनी, १९१० मध्ये, न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात. हेच एल्सबर्ग पुढे मेरुरज्जूच्या अर्बुदांचे सर्वांत मोठे अधिकारी पुरुष ठरले! १९१६ आणि १९२५ मध्ये त्यांनी या विषयावर दोन ग्रंथ लिहिले. नळीतून भूल देण्याचा एक प्रवर्तक आणि मेरुरज्जूच्या शस्त्रक्रियेचा आचार्य एकाच देहात नांदावेत, हा निव्वळ योगायोग मानणे मला जड जाते. पालथ्या रोग्याचा श्वास सुरक्षित झाल्याखेरीज मेरुरज्जूवर शांतपणे काम करता येत नाही.

(२६) १९११ मध्ये एल्सबर्ग आणि बीअर यांनी मेरुरज्जूच्या आत वाढलेल्या गाठींसाठी एक धाडसी रीत मांडली. पहिल्या दिवशी रज्जूवर बारीक छेद द्यायचा आणि गाठीला हात न लावता थांबायचे. आतला दाब गाठीला हळूहळू बाहेर ढकलतो. साधारण आठवड्याने पुन्हा भूल देऊन ती काढायची. ओढाताण टळते, रज्जू वाचतो. एका रोग्याला दोनदा भूल देण्याची ही योजना भूल भरवशाची झाल्यामुळेच करता आली.

(२७) पहिल्या महायुद्धानंतर चेहऱ्याच्या जखमींवर काम करताना आयव्हन मॅगिल आणि स्टॅन्ली रोबोथम यांनी श्वासनलिकेतील नळीचे तंत्र पक्के केले. दरम्यान नवी अडचण उभी राहिली. १ ऑक्टोबर १९२६ रोजी हार्वे कुशिंग यांनी बोस्टनमध्ये बोव्ही यांचे विजेचे शस्त्र मेंदूच्या शस्त्रक्रियेत वापरले. रक्तस्राव आटोक्यात आला, पण ठिणगी उडणाऱ्या शस्त्राशेजारी ईथर म्हणजे स्फोटाला आमंत्रण. १९३० च्या दशकात आलेला सायक्लोप्रोपेनही ज्वालाग्राही होता.

(२८) सुटका केली हॅलोथेनने. १९५१ मध्ये ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत चार्ल्स सकलिंग यांनी ते घडवले आणि १९५६ मध्ये मँचेस्टरच्या मायकेल जॉन्स्टन यांनी रोग्यांवर वापरले. ते जळत नव्हते, वासाला सौम्य होते, रक्तदाबही उतरवत होते. क्युरारे हे स्नायू सैल करणारे द्रव्य १९४२ मध्ये माँट्रियलमध्ये भुलीत आले होते. रोगी आता पूर्ण निश्चल राहू लागला. शल्यविशारदाला हवे ते सारे मिळाले, असे वाटले.

(२९) आणि नेमका येथेच जुना प्रश्न नव्या रूपाने समोर आला. रोगी इतका निश्चल, की शस्त्रक्रिया चालू असताना मेरुरज्जूला इजा झाली तरी काहीच कळेना. रोगी जागा झाल्यावर, पाय हलवायला सांगितल्यावर, उशिरा कळे. १९७३ मध्ये फ्रान्समध्ये वोझेल, स्टान्यारा आणि सहकाऱ्यांनी कण्याच्या वक्रतेच्या शस्त्रक्रियेसाठी एक उपाय सांगितला : मध्येच भूल हलकी करा, रोग्याला हात आणि मग पाय हलवायला सांगा, आणि पुन्हा झोपवा. उपाय साधा आणि खरा होता, पण तो एखाद्याच क्षणाचे उत्तर देई.

(३०) अखंड उत्तर विजेने दिले. १९८० मध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी दाखवले, की डोक्याची कातडी न उघडता बाहेरून दिलेल्या विजेच्या झटक्याने मेंदू उद्दीपित होतो आणि हाताचा स्नायू हलतो. हे संशोधन झाले ते लंडनच्या क्वीन स्क्वेअरलाच, हॉर्स्ली यांच्या रुग्णालयात! पुढे शल्यगृहात हीच युक्ती आली : मेंदूला झटका द्या, पायाच्या स्नायूत लहर येते का ते पाहा. लहर आली म्हणजे मार्ग शाबूत.

(३१) पण भुलीचे वायू ही लहर पुसून टाकतात. कारण असे : मेंदूकडून आलेला संदेश मेरुरज्जूत एका पेशीकडून दुसऱ्या पेशीकडे सोपवला जातो, आणि वायूंचा जोर नेमका त्या सांध्यावर चालतो. मार्ग धडधाकट असला तरी सांधा झोपलेला, म्हणून स्नायू गप्प. आता वायू अधिक दिला तर मेरुरज्जूचे म्हणणे ऐकू येत नाही, आणि कमी दिला तर रोगी जागा होण्याची भीती.

(३२) वाट काढली ती शिरेतून देण्याच्या औषधाने. प्रोपोफॉल हे १९८० च्या दशकात वापरात आलेले द्रव्य, तेही आयसीआयचेच. त्याने लहरी तुलनेने टिकतात. म्हणून मेरुरज्जूच्या अर्बुदाच्या शस्त्रक्रियेत आज बहुधा प्रोपोफॉल आणि वेदनाशामक औषध शिरेतून संथ धारेने देतात. वायू एक तर अगदी थोडा देतात किंवा मुळीच देत नाहीत. स्नायू सैल करणारे औषध केवळ सुरुवातीला, नळी घालण्यापुरते वापरतात.

(३३) न्यूयॉर्कमध्ये फ्रेड एपस्टाइन यांनी १९८० च्या दशकात मुलांच्या मेरुरज्जूतील गाठी एकाच बैठकीत, मोठ्या प्रमाणात काढून दाखवल्या. एल्सबर्ग यांची आठवडाभराची प्रतीक्षा सरली. पुढे वेद्रान देलेतिस यांच्यासारख्या शरीरक्रियातज्ज्ञांनी थेट मेरुरज्जूवर टिपता येणारी ‘डी-लहर’ कामी आणली. वाटेत एकही सांधा नसल्याने ही लहर भुलीला फारशी दाद देत नाही. ती किती खालावली यावरून कोठे थांबायचे, हे शल्यविशारदाला तत्क्षणी कळते.

(३४) एक टीप नायट्रस ऑक्साइडबद्दल. १९७८ मध्ये रॉबर्ट लेझर यांनी दीर्घकाळ हा वायू हुंगणाऱ्यांच्या मेरुरज्जूला होणाऱ्या इजेची नोंद केली. त्यांत दंतवैद्यांची संख्या मोठी होती. हा वायू शरीरातील बी-१२ जीवनसत्त्व निकामी करतो आणि ते नसले की रज्जूतील नसांचे वेष्टण झिजते. डेव्हीच्या काळात मेजवानीत फिरणारा वायू असा मेरुरज्जूच्याच मुळावर उठू शकतो. आज नशेसाठी हा वायू हुंगणाऱ्या तरुणांनी ही ओळ दोनदा वाचावी.

(३५) आता सारे एकत्र पाहू. १८८७ मध्ये भुलीकडून एवढीच अपेक्षा होती, की रोगी झोपावा आणि मरू नये. हॉर्स्ली यांनी मात्रा मोजली, एल्सबर्ग यांनी श्वास राखला, हॅलोथेनने आगीचे भय घालवले. शेवटच्या पिढीने मात्र उलट प्रश्न विचारला : रोग्याला झोपवूनही त्याचा मेरुरज्जू जागा ठेवता येईल का? त्याचे उत्तर देताना वायूलाच मागे सरावे लागले.

(३६) लॉरी आणि हॉर्स्ली हे समकालीन. दोघेही बुद्धिमान, दोघेही प्रयोगशील. एकाने शेकडो प्रयोगांतून एक अढळ नियम काढला आणि त्याला धरून राहिला. दुसऱ्याने मॉर्फिन आधी सुचवले आणि चूक दिसताच सोडले, अंदाज टाकून आकडा धरला. इतिहास वाचताना कोण बरोबर ठरले हे आपण पाहतोच, पण चूक कळल्यावर कोण बदलले, हेही पाहावे.

(३७) आणि तो कॅप्टन? शस्त्रक्रियेनंतर सुमारे वीस वर्षे तो जगला आणि अखेरीस वेगळ्याच कारणाने वारला. तीन वर्षांच्या कळा, एका दुपारची शस्त्रक्रिया आणि वीस वर्षांचे चालते आयुष्य. आज एखादी मुलगी मेरुरज्जूची गाठ काढून शुद्धीवर येते आणि भूलतज्ज्ञ तिला विचारतात, ‘पाय हलव बघू, बाळा.’ ती बोटे हलवते. त्या क्षणामागे हे सारे लोक उभे आहेत.

(३८) थ्रेड येथे संपतो. मोठा झाला, पण विषयच तसा होता. आवडला असेल तर इतिहासप्रेमी आणि वैद्यकाचे विद्यार्थी असलेल्या मित्रांपर्यंत जरूर पोहोचवा. आपल्यापैकी कोणी भूलतज्ज्ञ असतील तर त्यांनी चुका अवश्य दाखवाव्यात, दुरुस्ती आनंदाने करीन.